आतड्याचं अस्तर आणि वय
मोठ्या आतड्याचं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. पेशी इतक्या वेळा विभागल्या की जनुकांत चुका राहतातच, आणि वयाबरोबर त्या साठत जातात. बहुतेकदा पहिला बिघाड ‘एपीसी’ जनुकात होतो आणि अस्तरावर पॉलिप, म्हणजे छोटी गाठ, उगवते. त्याचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. तोवर पॉलिप दुर्बिणीतून काढता येतो, ही केवढी मोठी संधी! अस्तराचा आहाराशीही संबंध आहे: भाकरी, कडधान्यं, पालेभाज्यांतला चोथा आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यातून मिळणारं ब्युटिरेट हे अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन. लिंच सिंड्रोम या आनुवंशिक विकारात मात्र जनुकांतला दोष वयाबरोबर न येता जन्मतःच असतो, त्यामुळे कर्करोग पन्नाशीआधीही गाठू शकतो. शौचातून रक्त गेलं तर मूळव्याध समजून अंगावर काढू नका.