बेघर मुलांचा विमा टपालात हरवतो तेव्हा

अमेरिकेत अल्प उत्पन्न गटातील मुलांसाठी मेडिकेड (१९६५) आणि चिप (१९९७) या सरकारी आरोग्य विमा योजना आहेत. बेघर कुटुंबांतील बहुतांश मुले उत्पन्नाच्या निकषावर त्यांस पात्र ठरतात. कायमचा पत्ता नाही, एवढ्याच कारणावरून मेडिकेड नाकारता येत नाही. खरी अडचण उद्भवते ती नूतनीकरणाच्या वेळी. सूचनापत्र जुन्या निवाऱ्यावर जाते, मुदतीत उत्तर पोहोचत नाही आणि पात्र मुलाचेही नाव वगळले जाते. दम्यासारख्या आजारावरील उपचार मध्येच खंडित होतात.

१ जानेवारी २०२४ पासून १९ वर्षांखालील पात्र मुलांना सलग १२ महिने विमा संरक्षण देणे सर्व राज्यांवर बंधनकारक आहे. तथापि, वर्ष सरताच टपालाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

येथे शाळेची भूमिका मोलाची ठरते. मॅकिनी-व्हेंटो कायद्यानुसार प्रत्येक शालेय जिल्ह्यात बेघर विद्यार्थ्यांसाठी समन्वयक असतो. मोटारीत, मोटेलमध्ये वा नाइलाजाने नातलगांकडे राहणारी मुलेही या कायद्याच्या कक्षेत येतात. त्यांच्या अर्जावर खात्रीचा टपाल पत्ता नोंदवणे, तो बदलताच कळवणे आणि नूतनीकरणाची तारीख सांभाळणे, एवढ्या दक्षतेनेही मुलाचा विमा टिकू शकतो.