एकास अठराची मोटार

करूळ आणि भुईबावडा या दोन घाटांच्या माथ्यावर वसलेल्या गगनबावड्यात आषाढ लागला, की धुके दारे-खिडक्यांची तमा न बाळगता घरात शिरते आणि कपाटातील कागद, कापड, चामडे यांची परीक्षा पाहते; अशा ठिकाणी जस्ताची ओतीव मोटार संग्रही ठेवावयाची, तर तिच्या धातूचे कूळ आधी तपासावे लागते.

ही मोटार म्हणजे बीएमडब्ल्यू एम-३ या शर्यतीच्या गाडीची एकास अठरा प्रमाणातील, सुमारे २४ सेंटिमीटर लांबीची प्रतिकृती. मूळ गाडी चालवून इटलीच्या रोबेर्तो राव्हालिया याने १९८७ सालचे टूरिंग मोटारींचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. 'ग्रुप ए' नियमावलीचा दंडक असा, की बारा महिन्यांत पाच हजार गाड्या घडविल्यावाचून तो नमुना शर्यतीस पात्र ठरत नसे. म्हणून रुंद मडगार्ड, अधिक कललेली मागची काच, उंचावलेली डिकी हे शर्यतीसाठी योजलेले फेरफार विक्रीच्या गाडीतही आले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात बाथर्स्ट येथे प्रतिस्पर्धी फोर्ड सिएरा गाड्या पहिल्या-दुसऱ्या आल्या, परंतु त्यांचे पुढचे मडगार्ड नियमबाह्य ठरून त्या बाद झाल्या आणि अजिंक्यपदाचा निकाल राव्हालियाच्या बाजूने झुकला. ज्या प्रतिकृतीत मडगार्डाचा उठाव चुकला, ती माझ्या मते खोट्या दस्तऐवजासारखीच त्याज्य होय.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वा शिरोलीच्या कारखान्यांत ज्यांची हयात ओतकामात गेली, त्यांस यातील कसब सांगावयास नको. वाळूचा साचा एका ओतीत मोडतो. प्रतिकृतीसाठी मात्र पोलादी डायमध्ये वितळलेला जस्ताचा मिश्रधातू प्रचंड दाबाने भरतात. मूळ गाडीचा पत्रा एक मिलिमीटरहून पातळ. त्याचा अठरावा हिस्सा ओतणे अशक्य, तेव्हा प्रतिकृतीची भिंत प्रमाणाहून जाड होणारच, आणि ती जाडी दाराच्या कडांशी व काचेच्या चौकटीशी नजरेआड करण्यात कारागिराची खरी कसोटी लागते.

१९२९ च्या सुमारास अमेरिकेतील न्यू जर्सी झिंक कंपनीने अतिशुद्ध जस्तात अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम व तांबे मिसळून 'झमाक' हा ओतकामाचा मिश्रधातू सिद्ध केला. त्यात शिशाचा अल्प अंश राहिला तरी दमट हवेत धातूच्या कणांमधील सांध्यांत कीड लागते, अंग फुगते, तडे जातात. आणि हा रोग एकदा जडला की त्यावर इलाज नाही. अलीकडच्या शुद्ध ओतकामात ही भीती पुष्कळ कमी झाली आहे, तरी आमच्या हवेत काचेची बंद पेटी आणि वेळच्या वेळी बदललेली सिलिका जेलची पुडी यांत कसूर करू नये. मऊ रबराचे टायर प्लॅस्टिकच्या बैठकीवर वर्षानुवर्षे टेकून राहिले, तर त्यांतील द्रव्य पाझरून बैठक विरघळते. यास्तव गाडी तळाच्या स्क्रूंनी किंचित उचलून बसवावी.