कासवासाठी रडू आलं तर...

मुलांनो, कुणाचं कुत्रं गेलं तर सारी आळी हळहळते. मांजर गेलं तरी लोक 'अरेरे' म्हणतात. पण कासव गेलं म्हणून कुणी रडत असेल तर? "त्यात काय रडायचं? ते काय शेपूट हलवत होतं?" असं हमखास ऐकावं लागतं.

महाबळेश्वरच्या आमच्या शाळेत चौथीतल्या एका मुलीला हेच ऐकावं लागलं. एका दुकानात काचेच्या भांड्यात, गढूळ पाण्यात पडलेलं कासव तिनं वडिलांच्या मागे लागून घरी आणलं होतं. चार महिने जिवापाड जपलं. ऐन आषाढात ते गेलं. तिनं मला एवढंच विचारलं, "बाई, माझं काय चुकलं?" तिला जे सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते.

दुखणं आधीचंच होतं

त्या कासवाच्या डोळ्यांमागे लाल पट्टा होता. ही जात मूळची अमेरिकेतली. विकताना नाण्याएवढं दिसणारं पिल्लू वाढून ताटलीएवढं होतं आणि नीट निगा राखली तर वीस-तीस वर्षं जगतं. त्याला हवं तरी काय? पोहण्याइतकं स्वच्छ पाणी, बाहेर येऊन बसायला कोरडा दगड आणि ऊन.

ऊन कशाला, म्हणाल. कासवाला आपल्यासारखं स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. ऊब मिळाली नाही तर त्याला खाल्लेलं पचत नाही. शिवाय उन्हातल्या अतिनील किरणांमुळे त्याच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याच्या मदतीनं अन्नातलं कॅल्शियम हाडांना मिळतं. कासवाची पाठ म्हणजे नुसतं झाकण नव्हे, बरं का! फासळ्या आणि कणा त्यातच जोडलेले असतात. ऊन नसेल तर ही पाठ मऊ पडते.

आता आमचं महाबळेश्वर डोळ्यांसमोर आणा. उंची सुमारे साडेचार हजार फूट. पावसाळ्यात कित्येक दिवस सूर्य दिसत नाही आणि कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलावाकाठचं दवसुद्धा गोठतं. अशा ठिकाणी काचेच्या भांड्यातल्या कासवाचे काय हाल होत असतील!

त्यातून हे प्राणी दुखणं लपवतात. रानात जो दुबळा दिसतो त्यालाच शत्रू आधी गाठतो ना! म्हणून डोळे सुजेपर्यंत किंवा पोहताना एका अंगाला कलेपर्यंत आपल्याला काही कळत नाही. महिनोन्‌महिने झालेली हेळसांड चार महिन्यांच्या मायेनं भरून निघतेच असं नाही. कधी कधी डॉक्टरांचेही हात टेकतात. तेव्हा 'माझ्यामुळेच मेलं' असं मनाला लावून घेऊ नका. त्याचे शेवटचे दिवस तुमच्यामुळे स्वच्छ पाण्यात गेले, हेही तितकंच खरं आहे.

मोठी माणसंही रडतात

छत्तीसगडमधल्या बेमेतरा जिल्ह्यात बावामोहतरा नावाचं गाव आहे. तिथल्या तळ्यातल्या मगरीला गावकरी 'गंगाराम' म्हणायचे. मुलं त्याच तळ्यात बिनधास्त पोहायची. जानेवारी २०१९ मध्ये गंगाराम गेला, तेव्हा ट्रॅक्टर फुलांनी सजवून त्याची अंत्ययात्रा काढली. कितीतरी घरांत त्या दिवशी चूल पेटली नाही.

दुसरी गोष्ट दूरच्या गॅलापागोस बेटांवरची. तिथल्या पिंटा बेटावरची प्रचंड कासवं खलाशांनी खाण्यासाठी नेली आणि माणसांनी सोडलेल्या बकऱ्यांनी झाडपाला फस्त केला. १९७१ साली तिथे एकच कासव उरलेलं सापडलं. त्याचं नाव पडलं 'एकटा जॉर्ज'. १९७२ मध्ये त्याला संशोधन केंद्रात आणलं. फाउस्तो ल्येरेना यांनी त्याला सुमारे चाळीस वर्षं सांभाळलं. २४ जून २०१२ च्या सकाळी जॉर्ज मेलेला पाहिला तोही त्यांनीच. जॉर्जबरोबर त्याची जातच संपली. म्हणून काय त्या चाळीस वर्षांची माया वाया गेली? मुळीच नाही.

मग करायचं काय?

आधी खात्री करून घ्या. थंडीत कासव निपचित पडतं, श्वासही जाणवत नाही. पुरण्याआधी जनावरांच्या डॉक्टरांना जरूर दाखवा.

विहीर किंवा झऱ्यापासून दूर, गुडघाभर खोल खड्ड्यात पुरा आणि वर दगड ठेवा, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. मग हात साबणानं स्वच्छ धुवा. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यांच्यामुळेच अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी झाली.

रडू आलं तर रडा. मन थोडं शांत झालं की एक वही घ्या. कासव कधी आणलं, काय आवडीनं खायचं, कुठे ऊन खात बसायचं, पहिल्यांदा आजारी कधी वाटलं, सगळं लिहून काढा. आठवणही राहील आणि पुढे कुणाचं कासव आजारी पडलं तर ती वही कामाला येईल.

लगेच दुसरं कासव विकत आणू नका. आपण एक घेतलं की दुकानदार आणखी दोन मागवतो. घरात दुसरं कासव उरलं असेल तर ते 'मोकळं केलं' म्हणून तलावात सोडू नका. ही परदेशी कासवं आपल्या कासवांचं अन्न आणि जागा बळकावतात.

आणि चांदणी कासव, घोरपड, नाग हे रानातले जीव तर घरी ठेवायचेच नाहीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्यांना संरक्षण दिलं आहे. जखमी दिसले तर मोठ्यांना सांगून वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

पुढच्या वेळी एखाद्या काउंटरवर काचेच्या भांड्यात कासव दिसलं, तर नुसते बघत उभे राहू नका. दुकानदारांना नम्रपणे विचारा, "काका, याला ऊन कधी मिळतं?" पाच मुलांनी विचारलं तर काकांनाही विचार करावा लागेल. आपल्या गेलेल्या कासवासाठी आपण एवढं तर करूच शकतो, नाही का?