श्रद्धा सुटल्यानंतरचे जगणे

देव आहे की नाही, या प्रश्नावर महाराष्ट्रात शतकाहून अधिक काळ वाद झडत आला आहे. मात्र 'नाही' या निष्कर्षाला पोहोचलेल्या माणसाचे पुढे काय होते, याची चर्चा क्वचितच होते. धर्म म्हणजे केवळ मते नव्हेत. त्यात सणवार असतात, नातलगांची ये-जा असते, मृत्यूच्या प्रसंगी काय करावे हे ठरलेले असते आणि अन्यायाचा हिशेब कुठे तरी होईल, हा दिलासाही असतो. श्रद्धा सुटली की हे सारे एकदम सैल होते. रिकाम्या झालेल्या या जागी काय ठेवायचे, हा खरा प्रश्न असतो. नुसता नकार तिथे फार काळ पुरत नाही.

गोपाळ गणेश आगरकर (१८५६-१८९५) यांनी ही जागा कार्याने भरली. परलोकाविषयी ते अज्ञेयवादी होते. मोक्ष हे उद्दिष्ट उरले नाही, तेव्हा इहलोकातील माणसाचे सुख वाढविणे हेच त्यांनी कर्तव्य मानले. १८८८ मध्ये 'सुधारक' सुरू करून त्यांनी बालविवाह, केशवपन यांसारख्या रूढींवर प्रहार केले. सनातन्यांनी ते हयात असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. दम्याने शरीर पोखरले होते. तरीही अखेरपर्यंत त्यांचे लेखन-अध्यापन चालूच राहिले.

दुसरी अडचण एकटेपणाची. धर्माबरोबर समाजही दुरावतो. हमीद दलवाई (१९३२-१९७७) यांनी २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. तोंडी तलाकविरोधी लढ्याचे ते व्यासपीठ होतेच. शिवाय वेगळा विचार करणाऱ्यांना सोबत देणारे घरही होते. आपल्यावर कोणतेही धार्मिक अंत्यसंस्कार होऊ नयेत, ही दलवाईंची इच्छा पाळण्यात आली. समविचारी माणसे पाठीशी नसती, तर ते कठीण होते.

सर्वांत कठीण कसोटी दुःखाची. डॉ. श्रीराम लागू यांनी आपली निरीश्वरवादी मते कधी लपविली नाहीत. धावत्या रेल्वेवर भिरकावलेल्या दगडाने त्यांचा तरुण मुलगा तन्वीर गेला. ईश्वरेच्छा म्हणून मनाची समजूत घालण्याची वाट त्यांना नव्हती. पुढे लागू दांपत्याने मुलाच्या नावे रंगकर्मींसाठी 'तन्वीर सन्मान' सुरू केला. दुःख त्यामुळे संपत नाही. पण त्याला इतरांच्या उपयोगी पडणारे रूप मिळते.

धर्म सोडलेल्यांत कधी कधी कडवटपणा येतो आणि श्रद्धाळूंविषयी तुच्छता वाटू लागते. डॉ. नरेंद्र दाभोलकर (१९४५-२०१३) यांनी हा धोका ओळखला होता. ते स्वतः नास्तिक होते; पण महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा विरोध श्रद्धेच्या नावाने होणाऱ्या शोषणाला होता, देव मानणाऱ्या माणसाला नव्हे. म्हणूनच श्रद्धाळूंशीही त्यांचा संवाद तुटला नाही.

हे सारे पुण्या-मुंबईतील सुशिक्षितांपुरतेच आहे, असे मात्र नाही. सोलापूरलगतच्या कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी आहे. २००६ मध्ये या घरांचे वाटप झाले. वसाहतीला नाव आहे गोदावरी परुळेकर यांचे. मार्क्सवादी विचारांच्या या कार्यकर्तीने १९४५ पासून ठाणे जिल्ह्यातील वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध संघटित केले. कुंभारीच्या घरांत राहणाऱ्या स्त्रिया वेगवेगळ्या धर्मांच्या आहेत. घर मिळण्यासाठी कुणाला श्रद्धा सोडावी लागली नाही, की धरावी लागली नाही.

१९५२ मध्ये ॲमस्टरडॅम येथे जगभरातील मानवतावादी संघटना एकत्र आल्या, तेव्हा मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांची भारतीय संघटनाही त्यांच्या संस्थापकांत होती. माणसाच्या जगण्याला अर्थ माणसानेच द्यायचा, हे त्यांचे सूत्र. ते सांगण्यास सोपे आहे. आचरणात आणायचे तर हाती काम, सोबतीला माणसे आणि मतभेद असणाऱ्यांविषयीही आस्था लागते. या तीन गोष्टी ज्यांनी जोडल्या, त्यांच्यासाठी धर्माचा त्याग ही पोकळी न राहता नव्या जबाबदारीची सुरुवात ठरली.