चक्कर : केव्हा, कशाने, किती वेळ?

आषाढात मुळशीच्या खाचरांत भाताची लावणी ऐन भरात असता, वाकता-उठता एखादी बाई डोके धरून बांधावर बसली, म्हणजे कोणी पित्ताचे निमित्त सांगते, कोणी उपवासाचे, तर कोणी मानेच्या मणक्यावर ठपका ठेवून मोकळे होते. मूळ चौकशी तेवढी राहून जाते. रोग्याला नेमके काय वाटले याचे वर्णन आज एक तर उद्या दुसरे असते. म्हणून जाणता डॉक्टर त्या वर्णनापेक्षा केव्हा, कशाने आणि किती वेळ, या तीन प्रश्नांच्या जबानीवर अधिक भिस्त ठेवतो.

उभे राहताच अंधारी आली व आडवे होताच ओसरली, तर आधी रक्तदाब पाहावा. परंतु अंथरुणात कूस बदलली, किंवा फळीवरचा डबा काढण्यास मान वर केली, की घर गरगर फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते, असे असेल तर दोष बहुधा अंतःकर्णाचा. तेथील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक स्वस्थानावरून सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात, आणि मान हलताच तिच्यातील द्रव ढवळून, शरीर फिरत असल्याची खोटी वर्दी मेंदूकडे धाडतात.

रॉबर्ट बारानी यांनी या विकाराचे वर्णन १९२१ मध्ये केले. त्याची कसोटी डिक्स व हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये मांडली. रोग्याची मान एका बाजूस ४५ अंश वळवून त्याला झटकन उताणे निजवतात आणि डोके खाटेच्या कडेबाहेर किंचित खाली धरतात. काही क्षणांत गरगर सुरू होऊन बुबुळे विशिष्ट दिशेने थरथरू लागली, की निदान झाले. त्यासाठी ना यंत्र लागते, ना पुण्याची खेप. तरीही ही कसोटी न घेताच मानेला पट्टा बांधला जातो, हे मला अक्षम्य वाटते. एप्ली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने डोके क्रमाक्रमाने वळवून ते स्फटिक परत जागी आणता येतात, आणि पुष्कळदा एकाच बैठकीत.

तासन्‌तास टिकणारी गरगर, सोबत कानात नाद व बहिरेपणा, हे मेनिएरच्या व्याधीचे लक्षण. दिवसचे दिवस टिकणारी बहुधा कानाच्या तोलनाडीच्या दाहाची. ताम्हिणी घाटात गाडी लागते ते प्रकरण निराळेच.

मात्र चक्करीबरोबर बोबडी वळली, एकाचे दोन दिसू लागले, अंगाची एक बाजू लुळी पडली किंवा आधाराशिवाय उभे राहवेना, तर लिंबूपाणी देत बसू नये. पक्षाघाताचा संशय धरून रोग्यास तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे.