गव्हाणीच्या अलीकडे, कोपीच्या पलीकडे : साथीच्या काळातील साखर कारखाने आणि कामगारांची सुरक्षा (2020–2022)

माढा तालुक्यातील ऊस हा मुख्यतः उजनीच्या पाण्यावर वाढलेला ऊस आहे. भीमा नदीवरील हे धरण 1980 मध्ये पूर्ण झाल्यावर कालव्याने आणि पुढे सीना-माढा उपसा सिंचन योजनेने कोरडवाहू शिवार बागायती झाले आणि पिंपळनेरच्या विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखान्यासारखे उद्योग येथे उभे राहिले. त्यामुळे तालुक्यात अन्नप्रक्रिया म्हणजे प्रथमतः साखर, आणि मार्च 2020 मध्ये कोरोनाची साथ राज्यात पसरू लागली तेव्हा कामगारांच्या सुरक्षेचा प्रश्नही येथे साखरेच्या हंगामाशी बांधला गेला.

शासनाने त्या वेळी हाती घेतलेला कायदा 1897 चा होता. मुंबई इलाख्यातील प्लेगच्या वेळी केलेला हा साथरोग कायदा आणि बार्शी लाइट रेल्वे एकाच वर्षातली आहेत. ही रेल्वे ज्या ठाण्यातून सुटत असे ते बार्शी रोड म्हणजे याच तालुक्यातले आजचे कुर्डुवाडी. हा योगायोग केवळ कुतूहलाचा नाही, कारण त्या कायद्याचा सारा रोख माणसांची ये-जा आणि प्रवाशांची तपासणी यांवर होता आणि कामाच्या जागेविषयी त्यात काहीही नव्हते. कामाच्या जागेचा कायदा, म्हणजे कारखाना कायदा, वेगळा, 1948 चा. त्याच्या सोळाव्या कलमात गर्दीची मर्यादा प्रत्येक कामगारामागे 14.2 घनमीटर हवा अशी ठरवलेली होती आणि जमिनीपासून 4.2 मीटरच्या वरची जागा त्यात धरली जात नव्हती. साखर कारखान्याच्या प्रशस्त शेडमध्ये ही अट सहज पूर्ण होत असे; तरीही पोती भरण्याच्या आणि शिवण्याच्या जागी, वजनकाट्याच्या खिडकीपाशी किंवा गोदामात थप्पी रचताना माणसे एकमेकांना खेटूनच उभी असत, कारण कायदा हवेचे घनफळ मोजत होता, दोन माणसांमधले अंतर मोजत नव्हता.

केंद्र सरकारने 15 एप्रिल 2020 रोजी कामाच्या ठिकाणांसाठी दिलेल्या सूचनांनी ही उणीव काही अंशी भरून काढली. प्रवेशद्वारावर ताप तपासणे, दोन पाळ्यांमध्ये एक तासाचे अंतर ठेवणे, जेवणाच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वेळी देणे आणि कामगारांचा वैद्यकीय विमा उतरवणे या त्यांतील प्रमुख अटी होत्या. मात्र साखर कारखाना रात्रंदिवस अखंड चालतो. बॉयलर आणि रस आटवण्याचे पॅन तासभर सोडून देता येत नाहीत, आणि पाळी बदलताना जाणाऱ्याने येणाऱ्याला यंत्राची स्थिती समोरासमोर सांगणे हाच अपघात टाळण्याचा जुना आणि योग्य मार्ग आहे. संसर्ग टाळण्याचा नियम आणि अपघात टाळण्याची रीत येथे एकमेकींच्या आड येत होत्या.

ताप तपासणीचीही एक मर्यादा होती. रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा, म्हणजे बगॅस, साठवून ठेवल्यावर त्यात उष्णताप्रेमी सूक्ष्मजीव वाढतात आणि त्याची धूळ फुप्फुसात गेल्याने ‘बगॅसोसिस’ हा विकार होतो. धुळीशी संबंध आल्यावर काही तासांत ताप, खोकला आणि धाप ही त्याची लक्षणे दिसतात. कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात हा व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला होता. बगॅस हाताळणाऱ्या कामगाराचा ताप साथीचा की कामाचा, हे केवळ तापमापकाने ठरणे शक्य नव्हते, आणि ज्याची मजुरी दिवसावर आहे त्याला घरी पाठवण्याचा अर्थ दोन्ही बाबतींत सारखाच होता.

हे सारे गव्हाणीच्या आतले झाले; गव्हाण म्हणजे तोडलेला ऊस ज्या पट्ट्यावर टाकला जातो आणि गिरणीकडे जातो ती जागा. या उद्योगाचे सर्वांत मोठे मनुष्यबळ तिच्या बाहेर असते. बीड आणि तेव्हाचे उस्मानाबाद व अहमदनगर अशा जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर हंगामात येतात. नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो, मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ रक्कम म्हणजे उचल घेतली जाते आणि मुक्काम पाचट-कापडाच्या कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, होतो. टाळेबंदीत हे मजूर जागीच अडकले. 17 एप्रिल 2020 रोजी राज्य शासनाने त्यांना आरोग्य तपासणीनंतर गावी परतण्याची परवानगी दिली तेव्हा 38 कारखान्यांच्या परिसरातील मजुरांची संख्या सुमारे 1 लाख 31 हजार सांगण्यात आली. जवळजवळ चार आठवडे ही माणसे लहान मुलांसह कोप्यांत होती. पाण्याची आणि शौचालयाची सोय तुटपुंजी असलेल्या या वस्त्यांत हात धुण्याचा सल्ला पाळणे किती अवघड होते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. त्याच दिवसांत अनेक कारखान्यांच्या आसवनी, म्हणजे मळीपासून मद्यार्क करणारे विभाग, राज्यासाठी सॅनिटायझर तयार करत होते.

पुढच्या हंगामाआधी मजुरांनी संप केला आणि ऑक्टोबर 2020 मध्ये तोडणीच्या दरात 14 टक्के वाढ मिळाली. विम्याचा प्रश्नही त्या वेळी पुढे आला होता. दुसऱ्या लाटेत, 11 एप्रिल 2021 पासून, कामाच्या ठिकाणी लसीकरण केंद्रांना मुभा मिळाली, पण ती 45 वर्षांवरील कामगारांपुरती होती. अठरा वर्षांवरील सर्वांसाठी लस 1 मे रोजी खुली झाली, तोवर ऊसतोड मजुरांच्या बहुतेक टोळ्या परतीच्या वाटेला लागलेल्या होत्या.

याच काळात जर्मनीतील ट्योनिस कंपनीच्या मांसप्रक्रिया कारखान्यात जून 2020 मध्ये दीड हजारांहून अधिक कामगारांना लागण झाली. थंड हवा आणि दाटीच्या कामाइतकाच, कंत्राटदाराने पुरवलेल्या कोंदट निवासाचा प्रश्नही तेथे ऐरणीवर आला. त्या देशाने 1 जानेवारी 2021 पासून मांस उद्योगातील कत्तल आणि कापणीच्या कामात उपकंत्राटी मजुरीवर बंदी घातली आणि कामगाराला थेट कारखान्याच्या नोकरीत आणले. महाराष्ट्राने 2021 मध्ये गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाला चालना दिली आणि कारखान्यांकडून उसाच्या टनामागे 10 रुपये घेण्याचे ठरवले. हा निधी आवश्यकच होता; परंतु तो कल्याणाचा निधी आहे, कामाच्या जागेची जबाबदारी नव्हे. 2021-22 मध्ये राज्यात सुमारे 137 लाख टन साखर झाली आणि गाळप जूनपर्यंत लांबले, तेव्हाही कोयत्याचा व्यवहार मुकादमाशी उचलीवरच होत होता, आणि कोपी कोणी आणि कशी बांधावी याचा नियम कारखाना कायद्यात नव्हता.