वार्तापत्र दक्षिण कोरियाहून : गुण भरपूर, बोलणे कमी

देगू, दक्षिण कोरिया

पेठ-करंजाळीकडच्या शिक्षकमित्रांनो,

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी या देशात विमानेही थांबतात. विद्यापीठ प्रवेशाच्या ‘सुनुंग’ परीक्षेत इंग्रजीचा श्रवणभाग चालतो तेवढा वेळ देशभर एकही विमान उडत नाही, उतरत नाही. त्या दिवशी कचेऱ्या तासभर उशिरा उघडतात आणि उशीर झालेल्या मुलांना पोलीस केंद्रावर नेऊन सोडतात.

पेपर 70 मिनिटांचा. 45 प्रश्न, त्यांतले 17 ऐकून सोडवायचे, आणि सगळेच बहुपर्यायी. पूर्वी वरच्या 4 टक्क्यांनाच पहिली श्रेणी मिळे. 2017 पासून 90 किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या प्रत्येकाला मिळते. पण या पेपरात बोलावे लागत नाही, की एक वाक्य लिहावे लागत नाही. म्हणून उतारे झरझर सोडवणारी मुले समोरासमोर गप्प होतात.

कोरियाने तिसरीपासून इंग्रजी 1997 साली आणले, महाराष्ट्राने पहिलीपासून 2000 साली. 2010 पासून लागू झालेल्या भारत-कोरिया व्यापार करारामुळे पात्र भारतीय शिक्षकांनाही इथे इंग्रजी शिकवता येते. नव्या परदेशी शिक्षकाची खरी कसोटी लागते ती शाळेतल्या तोंडी चाचणीत. वर्गात पंचवीसेक मुले आणि तासिका 45 मिनिटांची, म्हणजे एकाच्या वाट्याला दोन मिनिटेही नाहीत. पहिला मुलगा बाहेर पडला की प्रश्न व्हरांड्यात पोचतो, म्हणून प्रश्नांचे चार-पाच संच लागतात. इथे शाळेतले गुणही प्रवेशाला धरतात. अर्ध्या गुणासाठी पालक विचारायला येतात. त्यामुळे कशाला किती गुण, हे आधीच लेखी सांगावे लागते.

चित्र बघून एखादी मुलगी ‘कॉफी’ म्हणते ते ‘कॉपी’सारखे ऐकू येते, कारण दात ओठाला टेकवून काढायचा ‘फ’ तिच्या भाषेत नाही. ‘अ’, ‘द’ ही उपपदे गळतात. आपल्यासारखेच कोरियनमध्येही क्रियापद शेवटी येते, म्हणून वाक्याचा क्रम चुकतो. पण ती काय सांगते आहे ते कळते. माझ्या मते अर्थ पोचला की निम्म्याहून अधिक गुण तिथेच द्यावेत. मूल गप्प राहिले तर लगेच शून्य न मांडता सोपा प्रश्न विचारावा. येत नसल्याची शांतता वेगळी आणि भीतीची वेगळी.

पेठ तालुक्यात तर घरी कोकणी, शाळेत मराठी आणि त्यावर इंग्रजी, अशी मुलांची तिसरी भाषा असते. आपल्या दहावीच्या इंग्रजीत 80 गुण लेखी परीक्षेचे आणि 20 शाळेच्या हाती आहेत. कोरियाच्या सर्वांत मोठ्या परीक्षेत बोलण्याला जागाच नाही. आपल्याकडे ती आहे. माझी विनंती एवढीच की ते 20 गुण अंदाजाने भरू नका. प्रत्येक मुलाला एकट्याला समोर बसवा, दोन मिनिटे बोलू द्या आणि मगच आकडा लिहा.